केपीव्ही पेप्टाइड : आतडे, त्वचा आणि वाचकांचे प्रश्न

केपीव्ही या पेप्टाइडविषयी, म्हणजे प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीविषयी, विचारणा करणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली आहेत. आतड्याचा दाह आणि त्वचेचे जुनाट विकार या दोन्हींवर ते गुणकारी असल्याचे जाहिरातींत सांगितले जाते. पत्र लिहिणारे बहुतेक जण स्वतः या आजारांनी गांजलेले आहेत किंवा घरातल्या कोणाच्या तरी काळजीत आहेत. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयासाठी ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मला बऱ्याच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा जुनाट दाह आहे. मेसालामाइन या दाहशामक औषधाच्या गोळ्या रोज घेतो. त्रास आटोक्यात असला, तरी मधूनच शौचावाटे रक्त पडते आणि पोटात मुरडा येतो. केपीव्ही हे पेप्टाइड शरीरातच तयार होते, त्यामुळे त्याचा काहीही अपाय नाही आणि ते आतड्याचा दाह मुळापासून थांबवते, असे वाचनात आले. हे खरे आहे का? गोळ्या बंद करून त्याच्या कॅप्सूल सुरू केल्या तर चालेल का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दिरंगाई परवडणारी नाही. गोळ्या बंद करू नका. हा आजार शांत असतो तेव्हा तो बहुतेक वेळा औषधामुळेच शांत असतो. आजार शांत असलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मेसालामाइन नेमाने न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका नेमाने घेणाऱ्यांच्या तुलनेत पाचपटीहून अधिक असल्याचे त्यात दिसून आले. शिवाय मधूनच रक्त पडते आहे, याचा अर्थ दाह पूर्णपणे निवळलेला नाही. मेसालामाइनची मात्रा वाढवणे, गोळीच्या जोडीला गुदमार्गे द्यायचे औषध सुरू करणे किंवा उपचाराची पुढची पायरी गाठणे असे सिद्ध पर्याय आपल्या डॉक्टरांकडे आहेत. रक्त पडत असल्याचे त्यांना स्पष्ट सांगा. अनेक रुग्ण ते अंगवळणी पडल्यामुळे सांगतच नाहीत.

आता केपीव्हीविषयी. लायसिन, प्रोलीन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची ही साखळी आहे, आणि या तिघांच्या के, पी आणि व्ही या एकाक्षरी खुणांवरूनच तिला हे नाव मिळाले आहे. तिचे मूळ अल्फा-एमएसएच या संप्रेरकात आहे. त्वचेच्या रंगाशी निगडित असलेले हे संप्रेरक १९५० च्या दशकात येल विद्यापीठातील त्वचाशास्त्रज्ञ एरन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे मेलाटोनिनचा शोधही याच गटाने लावला. अल्फा-एमएसएच म्हणजे तेरा मण्यांची माळ मानली, तर केपीव्ही हे तिचे शेवटचे तीन मणी आहेत. हे संप्रेरक ताप आणि दाह कमी करते, असे नंतरच्या संशोधनात आढळले आणि त्या गुणाचा बराचसा वाटा या शेवटच्या तुकड्यात असल्याचे दिसू लागले. संशोधकांचे कुतूहल चाळवले ते इथे.

आतड्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट २००८ साली पुढे आली. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर पेप-टी-१ नावाचे एक वाहक प्रथिन असते. प्रथिनांच्या पचनातून तयार होणारे दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडे ते पेशीच्या आत घेते. निरोगी मोठ्या आतड्यात हे वाहक जवळपास नसतेच, परंतु तेथे जुनाट दाह असेल तर ते दिसू लागते. केपीव्ही तीनच अमिनो आम्लांचे असल्यामुळे याच वाटेने पेशीत शिरते, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सिद्ध झाले. दाह जेथे आहे तेथेच औषधाला आत घेणारे दार उघडे असावे, हा योगायोग विलक्षण आहे, आणि या रेणूविषयी मला वाटणारी आस्था त्यातूनच आलेली आहे.

आत शिरल्यावर ते काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. पेशीत एनएफ-कॅपा-बी नावाचा प्रथिनांचा गट एरवी निष्क्रिय असतो. धोक्याचा संदेश मिळाला की तो पेशीकेंद्रकात शिरतो आणि दाह पेटवणारी जनुके जागी करतो. केपीव्ही अत्यल्प प्रमाणातही या गटाला आणि त्याच्या जोडीने चालणाऱ्या एमएपी-कायनेझ या दुसऱ्या संदेशमार्गाला आवर घालते, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ते मिसळल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्याचा दाह कमी झाला. त्याच वर्षी जर्मनीतील एका गटाने, अल्फा-एमएसएच ज्या मुख्य ग्राहीवर (पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर) काम करते तो ग्राही निकामी असलेल्या उंदरांवर केपीव्ही वापरून पाहिले, आणि तरीही परिणाम दिसला. म्हणजे या तुकड्याची कामाची रीत मूळ संप्रेरकाहून काही अंशी वेगळी आहे.

एवढे सगळे असूनही आपल्याला गोळ्या सोडू नका असे का सांगतो, याचे कारण त्या उंदरांमध्येच आहे. अशा प्रयोगांत बहुधा कृत्रिम दाह घडवला जातो. डीएसएस नावाचे रसायन पाण्यातून दिले की काही दिवसांतच उंदराच्या आतड्याचे अस्तर सोलवटते, जुलाब लागतात, रक्त पडते आणि वजन उतरते. ते पाणी बदलले की अस्तर आपोआप भरून येऊ लागते. बाहेरून केलेल्या अशा जखमेतून उंदीर लवकर सावरला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आपला आजार बाहेरून झालेल्या जखमेसारखा नाही. तो वर्षानुवर्षे चालणारा आणि स्वतःच पुन्हा पुन्हा उफाळणारा आहे. उंदरांमध्ये उत्तम ठरलेली कितीतरी संयुगे माणसांमध्ये निष्प्रभ ठरली आहेत. केपीव्हीला आतड्याच्या दाहावरचे औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही, आणि माणसांमध्ये त्याची योग्य मात्रा कोणती, ते किती दिवस घ्यावे, दीर्घकाळ घेतल्यास काय होते, हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्यांतून ते अद्याप गेलेले नाही. कॅप्सूलच्या डबीवर छापलेली मात्रा त्यामुळे अंदाजाने ठरवलेली असते.

कॅप्सूलमधले केपीव्ही मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्नही आहेच. ट्रिप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) लायसिननंतरचा बंध तोडते, पण पुढे प्रोलीन असेल तर ते सहसा तोडू शकत नाही, आणि केपीव्हीला तेवढे संरक्षण मिळते. मात्र दुसऱ्या जागी प्रोलीन असलेल्या साखळ्या नेमक्या प्रोलीननंतर तोडणारी विकरेही आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. उरलेसुरले पेप-टी-१ लहान आतड्यातच शोषून घेण्याची शक्यता दाट. म्हणूनच २०१० साली संशोधकांनी ते अतिसूक्ष्म कणांत भरले आणि ते कण मोठ्या आतड्यातच विरघळणाऱ्या जेलमधून उंदरांना दिले. नुसत्या पाण्यातून जी मात्रा लागत होती, तिच्या सुमारे बारा हजाराव्या भागात तोच परिणाम मिळाला. एकाच रेणूसाठी मात्रेत एवढी तफावत पडत असेल, तर साध्या कॅप्सूलविषयी केलेल्या दाव्यांवर किती विसंबावे, ते आपणच ठरवा.

राहिला ‘शरीरातच तयार होते, म्हणून निर्धोक’ हा युक्तिवाद. इन्सुलिनही शरीरातच तयार होते, आणि त्याची चुकीची मात्रा जीव घेऊ शकते. शिवाय एनएफ-कॅपा-बी हा सर्वस्वी शत्रू नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये त्याचा मार्ग जनुकीय बदलाने पूर्ण बंद केलेल्या उंदरांना उलट तीव्र कोलायटिस झाला, असे २००७ साली दाखवले गेले आहे. केपीव्ही हा मार्ग एवढा बंद करते असे मी म्हणत नाही. दाह जितका दाबू तितके चांगले, हे गृहीत मात्र चुकीचे आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्यांत त्वचा लाल होते, रात्री ती खाजवून खाजवून रक्त काढते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे मलम दिले आहे, पण त्याने त्वचा पातळ होते असे ऐकल्यामुळे मी ते अगदी थोडे आणि नाइलाज झाला तरच लावते. त्याऐवजी केपीव्ही असलेले क्रीम वापरले तर? आणि हे रंगाच्या संप्रेरकातून आले आहे, तर त्याने तिची त्वचा काळवंडेल का?

उत्तर : काळवंडण्याची भीती मनातून काढून टाका. अल्फा-एमएसएचचा रंगद्रव्यावर होणारा परिणाम त्याच्या मधल्या भागातील हिस्टिडिन, फेनिलअॅलनिन, आर्जिनिन आणि ट्रिप्टोफॅन या चार अमिनो आम्लांवर अवलंबून असतो, आणि केपीव्हीमध्ये तो भाग नाही.

क्रीमचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रयोगशाळेत केपीव्हीने स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची आणि कँडिडा या बुरशीची वाढ रोखली, हे २००० साली प्रसिद्ध झाले आहे. इसब असलेल्या त्वचेवर हाच जिवाणू मोठ्या संख्येने ठाण मांडून असतो आणि दाह वाढवतो, त्यामुळे या निष्कर्षाला महत्त्व आहे. परंतु काचेच्या तबकडीतला जिवाणू आणि मुलीच्या कोपराच्या घडीतला जिवाणू यांत फरक आहे. त्वचेतून आत शिरण्यासाठी रेणूचे वजन साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) कमी असावे लागते, असा एक ठोकताळा आहे. केपीव्हीचे वजन सुमारे ३४२ डाल्टन असल्याने ते त्यात बसते आणि जाहिरातींत हा आकडा अभिमानाने दिलेला असतो. मात्र त्वचेचा सर्वांत वरचा थर स्निग्ध असतो, तर केपीव्ही पाण्यात सहज विरघळणारे आणि विद्युतभारित आहे. स्निग्ध थर ओलांडणे अशा रेणूला जड जाते. म्हणूनच संशोधकांना ते त्वचेत उतरवण्यासाठी सूक्ष्म सुयांनी छिद्रे पाडून वर सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोग करावे लागले. इसबामध्ये वरचा थर आधीच फाटलेला असल्याने ते थोडे अधिक शिरेलही, पण मग क्रीममधली सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षकेही तितकीच आत शिरतील, आणि लहान मुलांमध्ये त्यांचीच अॅलर्जी होण्याचा संभव असतो.

स्टेरॉइडविषयीची आपली धास्ती मी समजू शकतो. तीव्र स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, हे खरेच आहे. पण आपण सांगितलेल्या पद्धतीत, म्हणजे फार थोडे आणि फार उशिरा लावण्यात, दाह कधीच पुरता विझत नाही आणि शेवटी एकूण मलम जास्तच लागते. मात्रा मोजण्याची एक सोपी रीत शिकून घ्या. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून मलमाची एक सरळ रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीव्रतेचे मलम याप्रमाणे, सांगितलेले दिवस, नेमाने लावा. त्वचा पूर्ववत झाल्यावर ते कसे कमी करायचे, हेही त्यांनाच विचारा. त्वचा मऊ ठेवणारे साधे, सुगंध नसलेले मलम रोज भरपूर लावणे हा तर उपचाराचा पायाच आहे, इसब शांत असतानाही. घड्यांसारख्या नाजूक जागी स्टेरॉइड नकोच असेल, तर दोन वर्षांवरील मुलांसाठी ०.०३ टक्के टॅक्रोलिमसचे मलम उपलब्ध आहे. त्यामागे मुलांवरील प्रत्यक्ष चाचण्यांचा आधार आहे. मुलगी रात्रभर खाजवत असेल, तर तिची झोप आणि तिच्यासोबत आपलीही झोप मोडत असणार. प्रयोगापेक्षा सिद्ध उपचाराला आधी पूर्ण संधी द्यावी, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

प्रश्न : मी स्पर्धात्मक खेळ खेळतो. दुखापतीनंतरची सूज उतरण्यासाठी केपीव्ही घेतले तर उत्तेजक चाचणीत अडकेन का?

उत्तर : होय, तो धोका आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ‘एस-०’ नावाचा एक वर्ग आहे. माणसांवरील उपचारासाठी कोणत्याही सरकारी आरोग्य नियामकाची मान्यता नसलेली औषधी द्रव्ये, नावाने उल्लेख नसला तरी, त्या वर्गात प्रतिबंधित ठरतात. केपीव्ही घेऊ नका.

प्रश्न : केपीव्हीची पावडर असलेली कुपी आणि सोबत ‘शुद्धता ९९ टक्के’ असे प्रमाणपत्र मिळते. पावडर पाण्यात मिसळून पोटाच्या त्वचेखाली टोचून घेणारे माझ्या परिचयात आहेत. एवढी शुद्धता असेल तर भीती कशाची?

उत्तर : त्या प्रमाणपत्रावरचा आकडा नेमके काय मोजतो, ते पाहू. तो बहुधा एचपीएलसी या तंत्राने काढलेला असतो. नमुन्यातील पेप्टाइडसदृश घटक वेगवेगळे करून त्यांपैकी अपेक्षित घटकाचा वाटा किती, हे हे तंत्र सांगते. कुपी निर्जंतुक आहे की नाही, हे ते सांगत नाही. जिवाणूंच्या कवचातून सुटणारी एंडोटॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये त्यात आहेत की नाहीत, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते, आणि टोचण्याच्या प्रत्येक मान्यताप्राप्त औषधासाठी तिची मर्यादा ठरवून दिलेली असते. एंडोटॉक्सिन उकळल्याने नष्ट होत नाही आणि जिवाणू अडवणाऱ्या नेहमीच्या गाळणीतूनही ते आरपार जाते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एंडोटॉक्सिन रोगप्रतिकारक पेशींवरील ग्राहींमार्फत त्याच एनएफ-कॅपा-बीला चेतवते, ज्याला शांत करण्यासाठी केपीव्ही घ्यायचे असते. दाह कमी व्हावा म्हणून टोचलेली कुपी दाह पेटवणारी ठरू शकते, आणि थंडी वाजून ताप आला तर तो कशामुळे आला हे घरी बसून समजणे अशक्य असते.

कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते. ते वाक्य गांभीर्याने घ्या. उत्पादकाने माणसाच्या शरीराची जबाबदारी घेतलेली नाही, हे त्याने तेथे लिहूनच दिलेले असते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने औषधालयांत मिश्रण करून देण्याच्या संदर्भात ज्या पेप्टाइडांना लक्षणीय सुरक्षाविषयक धोक्यांच्या गटात टाकले, त्यांत केपीव्हीचा समावेश होता. आपल्या परिचितांपैकी कोणाला टोचलेल्या जागी वाढती लाली, गरमपणा, पू किंवा ताप असेल, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि काय टोचले होते ते संकोच न करता सांगावे. कुपी सोबत नेली तर उत्तमच.

प्रश्न : मला काही महिन्यांपासून वारंवार जुलाब होतात आणि वजन उतरले आहे. आता दोन्ही नडग्यांवर लालसर, दुखऱ्या गाठी उठल्या आहेत. आतडे आणि त्वचा दोन्हींवर चालणारे एकच पेप्टाइड असेल, तर माझ्यासाठी तेच योग्य नाही का?

उत्तर : आपल्याला या घडीला सर्वांत जास्त गरज निदानाची आहे. नडगीवरच्या दुखऱ्या लाल गाठी हे एरिथीमा नोडोसम असू शकते. त्यामागे जंतुसंसर्ग, काही औषधे, सारकॉइडोसिस अशी अनेक कारणे असतात, आणि जुनाट जुलाब व घटते वजन सोबत असेल तर क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा आणखी एक जुनाट आजार) किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा विचार करावाच लागतो. आतडे आणि त्वचा यांचे नाते खरे आहे, मात्र ते एकाच प्रकारचे नाही. एरिथीमा नोडोसम बहुधा आतड्याचा दाह उसळला की दिसते आणि तो शांत झाला की ओसरते. पायोडर्मा गँग्रिनोसम हे खोल, झपाट्याने पसरणारे व्रण मात्र आतडे शांत असतानाही होऊ शकतात. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे बळावणाऱ्या सेलिअॅक आजारात काहींच्या त्वचेवर अतिशय खाजणारे बारीक फोड येतात, आणि तेथे ग्लुटेन कायमचे सोडणे हाच मुख्य उपाय असतो. आतड्याच्या दाहाच्या आजारासाठी दिल्या जाणाऱ्या टीएनएफविरोधी (टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या) औषधांमुळे काही रुग्णांना नव्याने सोरायसिससारखे चट्टे येतात. एवढ्या निरनिराळ्या कारणांना एकच पेप्टाइड लागू पडेल, असे मानायला आधार नाही.

डॉक्टर बहुधा रक्ताच्या तपासण्यांसोबत मलातील कॅल्प्रोटेक्टिन मोजतील. हे पांढऱ्या पेशींतील प्रथिन आतड्याला दाह असला की मलात वाढते. त्यानंतर गरजेप्रमाणे दुर्बिणीने तपासणी होईल आणि अस्तराचा तुकडा तपासला जाईल. गाठी दुखतात म्हणून मनाने आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्यांनी आतड्याचा त्रास बळावू शकतो आणि कॅल्प्रोटेक्टिनचा आकडाही फसवा येऊ शकतो. भेटीची वेळ या आठवड्यातच घ्या.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. उंदरांवरील निष्कर्ष २००८ पासून उपलब्ध असताना केपीव्हीचे औषध का झाले नाही? पेप्टाइडे आतड्यासाठी मुळातच अयोग्य आहेत का?

उत्तर : मुळीच नाही. चौदा अमिनो आम्लांचे लिनाक्लोटाइड तोंडावाटे घेतात. ते आतड्याच्या पोकळीतच काम करते आणि रक्तात जवळपास उतरत नाही. बद्धकोष्ठतेसह असणाऱ्या आयबीएस या आतड्याच्या विकारासाठी त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. त्याच वर्षी आखूड आतड्याच्या विकारासाठी मान्य झालेले टेडुग्लुटाइड हे शरीरातील जीएलपी-२ या संप्रेरकाचे रूप आहे. त्यात दुसऱ्या जागी अॅलनिनऐवजी ग्लायसिन बसवले आहे, आणि एवढ्या एका बदलाने ते जीएलपी-२ तोडणाऱ्या डीपीपी-४ या विकरापासून बचावते. खुद्द अल्फा-एमएसएचमधील दोन अमिनो आम्ले बदलून घडवलेले अफामेलानोटाइड, सूर्यप्रकाशाने असह्य वेदना होणाऱ्या एका दुर्मिळ पोर्फिरिया विकारासाठी युरोपात २०१४ आणि अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले. अशी रूपांतरे करून आणि चाचण्यांचा खर्च उचलूनच नैसर्गिक तुकड्याचे औषध होते. केपीव्हीची साखळी आहे तशी वापरायची, तर तिच्यावर भक्कम स्वामित्वहक्क मिळणे अवघड असते, आणि असा हक्क नसेल तर हा खर्च करायला कोणी सहसा पुढे येत नाही.

दुसरी अडचण चाचणीच्या रचनेत आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटातही साधारण एक तृतीयांश रुग्णांना बरे वाटते आणि सुमारे दहा टक्क्यांचा आजार शांत होतो. कोणाला कॅप्सूल घेऊन बरे वाटले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यादृच्छिक पद्धतीने निवडलेले दोन गट, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेले वाटप, आणि कोणाला काय दिले हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाने दुर्बिणीतून पाहिलेले अस्तर, हे तिन्ही लागेल. अशी चाचणी जाहीर झाली आणि आपल्या ओळखीतील एखाद्या रुग्णाला सहभागी व्हायचे असेल, तर तिची अधिकृत नोंदणी क्रमांकासह झाली आहे का, नैतिक समितीची मंजुरी आहे का आणि लेखी संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत आहे का, हे त्याला तपासायला सांगा. चाचणीतील औषधासाठी कोणी त्याच्याकडे पैसे मागितले, तर मात्र त्याने तेथे सही करू नये.